काचेच्या छपराखाली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या शहरात स्वतःचे छायाचित्र काढून घ्यायचे म्हणजे आधी जिने चढणे आले. स्टुडिओ जवळजवळ नेहमी इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर असे, कारण त्या धंद्याला लागणारी मुख्य गोष्ट आकाशातून येत होती. छपराचा आणि भिंतीचा उत्तरेकडचा भाग काढून तिथे काचा बसवत. त्या बाजूने ऊन थेट आत शिरत नाही, दिवसभर सारखा आणि सावल्यांच्या कडा मऊ ठेवणारा उजेड मिळतो. काचांखाली दोऱ्यांवर सरकणारे पडदे, एका अंगाला उजेड परतवणारे पांढरे फलक, मागे रंगवलेला पडदा, समोर जड लाकडी स्टँडवर उभा असलेला महोगनीचा कॅमेरा आणि तिथून चार पावलांवर अंधारखोलीचे दार, अशी साधारण मांडणी असे. हे दार इतके जवळ का असावे लागे, ते पुढे येईल.

या स्टुडिओंतून बाहेर पडलेल्या छायाचित्रांतली माणसे इतकी ताठ आणि गंभीर का दिसतात, असा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि त्या काळचे लोकच तसे होते, असे सांगून बहुतेक जण मोकळे होतात. मला ते उत्तर अन्यायाचे वाटते. क्षणात काम उरकणारे कॅमेरे पाहत आपण वाढलो, म्हणून छायाचित्र ही छायाचित्रकाराने एकट्याने, समोरच्याच्या नकळतसुद्धा करण्याची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. त्या शतकातले छायाचित्र हे समोर बसलेल्या आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाने मिळून, सेकंद मोजत केलेले काम होते. स्थिर राहणे हा बसणाऱ्याचा वाटा होता, आणि स्टुडिओतली बहुतेक सामग्री, पार शोभेच्या खांबापर्यंत, त्याला तो वाटा उचलता यावा म्हणूनच तिथे आणून ठेवलेली होती.

अगदी सुरुवातीला तर हा वाटा माणसाच्या आवाक्याबाहेरचाच होता. लुई दागेर यांच्या शोधाची घोषणा पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ७ जानेवारी १८३९ रोजी झाली आणि १९ ऑगस्टला त्याची कृती जगासमोर ठेवली गेली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा, आयोडीनच्या वाफांवर धरून त्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर चढवायचा, कॅमेऱ्यात ठेवून प्रकाश दाखवायचा आणि मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफांवर धरून प्रतिमा वर आणायची, अशी ती कृती होती. पण प्रकाश दाखवण्यासाठी काही मिनिटांपासून पाव तासापर्यंत वेळ लागे. दागेर यांनी १८३८ च्या सुमारास आपल्या खिडकीतून टिपलेल्या पॅरिसच्या रस्त्यावर एरवी गाड्याघोड्यांची वर्दळ असणार. त्या चित्रात मात्र रस्ता ओस आहे, कारण हलणारे काहीच पत्र्यावर उमटले नाही. उरला आहे तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर टेकवून थांबलेला एक माणूस. छायाचित्रात ओळखू येणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो आहे, आणि आपल्या थांबण्याने काय घडते आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला, ज्याचे हात चालू होते, पुसट झाला आहे.

माणसाला सोसवेल इतका हा वेळ खाली आणण्यात सर्वांत मोठा हात भिंगाचा होता. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्सव्हाल यांनी १८४० मध्ये खास व्यक्तिचित्रांसाठी भिंगांची रचना गणिताने सिद्ध केली आणि फोग्टलेंडर यांच्या कारखान्याने ती पितळी नळीत बसवून बाजारात आणली. त्याचे छिद्र आजच्या भाषेत एफ ३.६ च्या आसपास होते. आधीच्या निसर्गदृश्यांच्या भिंगांपेक्षा ते सुमारे २० पट अधिक प्रकाश आत घेई. या भिंगाची खूण आजही ओळखू येते. मध्यभाग अतिशय रेखीव, आणि तिथून कडेकडे जाताना सारे विरघळत गेलेले. डोळ्यांच्या पापण्या मोजता येतात, पण कान आणि खांदे धूसर असतात. पुढे कित्येकांनी या धूसरपणात कलात्मक हेतू शोधला; माझ्या मते प्रकाश मिळवण्यासाठी मोजलेली ती किंमत होती, आणि चांगल्या छायाचित्रकारांनी तिचा सुरेख उपयोग करून घेतला.

लंडनमध्ये रिचर्ड बिअर्ड यांनी २३ मार्च १८४१ रोजी रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या गच्चीवर स्टुडिओ उघडला आणि त्याच्या छपराला निळी काच बसवली. हा निळेपणा छायाचित्राच्या रसायनांचे गुपित सांगतो. त्या काळातल्या प्लेटांना, म्हणजे रसायनांचा थर दिलेल्या पत्र्यांना आणि काचांना, निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाशच काय तो कळे. पिवळा आणि लाल त्यांच्या लेखी अंधारच होता. म्हणून निळ्या काचेतून आलेला उजेड प्लेटेला जवळजवळ पुरा पोचे आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र झगमगाटाचा त्रास होत नसे. बसणाऱ्याला पडणारे कष्ट ओळखून केलेली ही कदाचित पहिली सोय.

या निळ्या नजरेचे परिणाम जुनी छायाचित्रे पाहताना सतत ध्यानात ठेवावे लागतात. निळा पोशाख जवळजवळ पांढरा येई आणि लाल पोशाख काळा. ओठ गडद दिसत, गालांवरचे तांबूस ठिपके डागांसारखे उठून दिसत, सोनेरी केस काळपट होत, आणि निळ्या डोळ्यांची बुबुळे इतकी फिकट येत की माणूस कुठे पाहतो आहे ते कळेनासे होई. चेहरे कठोर वाटण्याचे निम्मे श्रेय मी या रसायनांना देतो. निसर्गदृश्यांत आकाश कोरे पांढरे उमटे. जमिनीला पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत आकाशाला तो किती तरी जास्त मिळून गेलेला असे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमाराच्या आपल्या समुद्रचित्रांपैकी काहींत यावर उपाय म्हणून समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजाशी जुळवून एकच प्रत छापली. प्लेटेला बाकीचे रंग दाखवण्याची वाट सापडायला १८७३ साल उजाडावे लागले. बर्लिनमध्ये हर्मान फोगेल यांना असे आढळले की थरात ठरावीक रंगद्रव्य मिसळले, तर तो हिरवा प्रकाशही टिपू लागतो.

आता अंधारखोलीच्या दाराकडे यायला हवे. १८५१ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढची सुमारे तीस वर्षे छायाचित्रणाचे जग तिच्यावरच चालले. गनकॉटन, म्हणजे आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस, ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की कोलोडियन हा घट्टसर, स्वच्छ द्रव तयार होतो. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइड मिसळलेले असत. छायाचित्रकार लख्ख पुसलेली काच एका कोपऱ्यात धरून आडवी करी, मध्यभागी कोलोडियनचे थारोळे ओती, काच हळूहळू कलती करत ते चारही कोपऱ्यांपर्यंत नेई आणि उरलेले एका कोपऱ्यातून पुन्हा बाटलीत निथळू देई. हे सारे काही सेकंदांत, एकाही ठिकाणी न थांबता व्हावे लागे, नाही तर थरावर लाटा उमटत. मग थर चिकट झाला न झाला तोच काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटे बुडवायची, ठिबकती तशीच लाकडी प्लेट होल्डरमध्ये बंद करायची, कॅमेऱ्याकडे धावायचे, झाकण काढून प्रकाश दाखवायचा, परत धावायचे आणि हिराकशीच्या द्रावणाने प्रतिमा वर आणायची. या पद्धतीला ओली प्लेट म्हणत, कारण थर वाळला की त्याची संवेदनशीलताच संपे. ओतण्यापासून प्रतिमा वर येईपर्यंत साधारण १० ते १५ मिनिटे मिळत, आणि उष्ण, कोरड्या हवेत त्याहूनही कमी.

म्हणजे बसणाऱ्या माणसाची पोझ ठरवून, घासलेल्या काचेवर उलटी दिसणारी त्याची प्रतिमा काळ्या कापडाखाली डोके घालून स्पष्ट करून छायाचित्रकार अंधारखोलीत जाई तेव्हा, बाहेर बसलेल्याने आपली जागा न सोडता थांबायचे असे. आतल्या पिवळ्या काचेच्या उजेडात चाललेले काम त्याला दिसत नसे. फक्त ईथरचा गोडसर, डोके जड करणारा वास येत असे. होल्डर घेऊन छायाचित्रकार बाहेर आला की जे व्हायचे ते एकदाच व्हायचे. कॅमेऱ्याला आपोआप उघडमिट करणारा पडदा नव्हता. भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, मनात किंवा मोठ्याने सेकंद मोजायचे आणि झाकण परत बसवायचे. चांगल्या उजेडात पाच-सहा सेकंद पुरत, ढगाळ दिवशी वीस किंवा त्याहून अधिक लागत. किती ते सांगणारे उपकरण नव्हते. छायाचित्रकार वर काचेकडे पाही, द्रावण किती जुने आहे ते आठवी आणि ठरवी.

या कामाची शरीरावर उमटणारी खूणही होती. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत आणि साध्या पाण्याने ती निघत नसत. ती काढण्यासाठी अनेक जण पोटॅशियम सायनाइड वापरत. तेच सायनाइड प्रतिमा पक्की करण्यासाठीही टेबलावर उघडे असे. हाताला कापले असताना ते वापरल्याने किंवा चुकून पोटात गेल्याने छायाचित्रकार दगावल्याच्या बातम्या त्या काळच्या व्यावसायिक नियतकालिकांत येत. ईथरच्या वाफा दिव्यापाशी पोचल्या की भडका उडे. आर्चर यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही, तिच्यावर जगभर धंदे उभे राहिले आणि ते स्वतः १८५७ मध्ये गरिबीत वारले. त्यांच्याआधी कागदावरच्या निगेटिव्हची पद्धत शोधणारे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट कोलोडियनही आपल्याच पेटंटाखाली येते असा दावा करीत होते. १८५४ च्या डिसेंबरात लंडनच्या ज्यूरीने तो फेटाळला आणि ही पद्धत सर्वांसाठी मोकळी झाली.

बसणाऱ्याच्या मागे उभ्या केलेल्या लोखंडी आधाराबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवे, कारण त्याविषयी आज फार चुकीचे पसरवले जाते. ओतीव लोखंडाचा जड पाया, त्यातून वर जाणारी सरकती सळई आणि टोकाला चिमट्यासारखी दोन बोटे, असे हे साधन असे. ती बोटे डोक्याच्या मागच्या बाजूला, कानांच्या जरा वर, हलकेच टेकवत. माणूस कितीही ठरवून उभा राहिला तरी त्याचे डोके श्वासागणिक किंचित झुलते, आणि दहा सेकंदांत तेवढे झुलणे चेहरा पुसट करायला पुरे होते. डोके कशाला तरी टेकले आहे हे जाणवत राहिले की ते आपोआप आवरले जाते. उभ्या माणसाच्या टाचांमागे कधी कधी या आधाराचा लोखंडी पाया डोकावतो. तो पाहून, हा माणूस मेलेला असून त्याला आधाराने उभा केला आहे, असे सांगणारी कित्येक छायाचित्रे इंटरनेटवर फिरत असतात. ते खरे नाही. ती बारीक सळई निर्जीव देहाचे वजन पेलूच शकत नव्हती. मृतांची छायाचित्रे त्या काळी काढली जात, पण ती अंथरुणावर किंवा कोचावर निजवून, लहान मूल असेल तर आईवडिलांच्या मांडीवर; आणि ती काढून घेणाऱ्यांनी आपले दुःख लपवण्यासाठी मृताला उभे करण्याचा खटाटोप केला नव्हता. लोखंडी पाय दिसणे हा तो माणूस जिवंत असल्याचाच पुरावा आहे, कारण स्थिर राहण्याला मदत हलणाऱ्यालाच लागते.

एकदा हे ध्यानात आले की स्टुडिओतले बाकीचे सामानही वेगळे दिसू लागते. कागदाच्या लगद्याचा किंवा लाकडाचा तो अर्धा खांब कोपर टेकायला आहे. कठडा हात ठेवायला आहे. मागे-पुढे सरकणाऱ्या पाठीची, झालरी लावलेली खुर्ची कंबर आवळून धरते. हातात दिलेले पुस्तक बोटांची चाळवाचाळव थांबवते. पापण्या मिटल्या-उघडल्याने फारसे बिघडत नसे, कारण क्षणभर मिटलेले डोळे बाकीच्या सेकंदांत भरून निघत. म्हणून एका खुणेकडे पाहत राहा आणि खुशाल डोळे मिचकवा, असे सांगितले जाई. हसू मात्र दहा सेकंद एकाच मापाने ओठांवर धरून ठेवता येत नाही. व्यक्तिचित्रात गंभीर बसण्याची चित्रकलेतून आलेली रीत आधीपासून होतीच; प्लेटेच्या संथपणाने ती आणखी पक्की केली. लहान मुलांसाठी सकाळचा भरपूर उजेड राखून ठेवत, आणि तरीही भागत नसे तेव्हा आईला चादरीखाली किंवा पडद्याआड लपवून तिच्या मांडीवर मूल बसवत. फुलाफुलांच्या कापडाखाली माणसाचा आकार आणि बाळाच्या पोटाभोवती कुणाचा तरी हात, अशी ती चित्रे असतात. मला ती पाहून कधीच हसू येत नाही. आपल्या मुलाची मुद्रा उमटावी म्हणून चित्राबाहेर राहण्याचे तिने पत्करलेले असते.

स्थिर बसण्यात बसणाऱ्याची इच्छाही असे, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते फ्रेडरिक डग्लस यांच्यात. गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढणारे हे अमेरिकन वक्ते त्या शतकात सर्वाधिक छायाचित्रित झालेल्या अमेरिकनांपैकी होते. त्यांची १६० हून अधिक वेगवेगळी छायाचित्रे माहीत आहेत. कृष्णवर्णीयांची हसरी, विदूषकी व्यंगचित्रे सर्वत्र छापली जात असताना ते प्रत्येक वेळी रोखून पाहणारा गंभीर चेहरा घेऊन भिंगासमोर बसले, आणि छायाचित्रांच्या सामर्थ्यावर त्यांनी व्याख्यानेही दिली. त्यांच्यासारख्याच गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या सोजर्नर ट्रूथ यांनी तर १८६४ मध्ये आपल्या छायाचित्रांचे हक्क स्वतःच्या नावाने नोंदवले आणि कार्डे विकून आपल्या कामाचा व उदरनिर्वाहाचा खर्च चालवला. या दोघांना छायाचित्रकाराने पकडले असे म्हणणे मला जमत नाही.

कार्ड हा त्या काळचा खरा खपाचा माल. आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये पेटंट घेतले ते एकाच काचेवर अनेक छोटी चित्रे घेण्याच्या पद्धतीचे. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एका प्लेटेवर आठ चित्रे येत, ती एकदम छापून, कापून, सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच पुठ्ठ्यांवर चिकटवत. छायाचित्र स्वस्त झाले, भेट देण्याजोगे झाले, आणि १८६० नंतर घरोघरी त्यांचे अल्बम आले. मोठे चित्र हवे असेल तर मात्र मोठी काचच लागे, कारण प्रत निगेटिव्हच्याच आकाराची निघे. कॅलिफोर्नियाच्या कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये योसेमिटीच्या खोऱ्यात १८ बाय २२ इंचांच्या काचा खेचरांवरून नेल्या, त्या यासाठीच.

प्रती ज्या कागदावर निघत त्याची गोष्ट मला स्टुडिओइतकीच महत्त्वाची वाटते. लुई देझिरे ब्लाँकार-एव्हरार यांनी १८५० मध्ये मांडलेल्या या कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा चकचकीत थर असे. छायाचित्रकार तो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून संवेदनशील करी, निगेटिव्हखाली चौकटीत दाबून गच्चीवर उजेडात ठेवी, आणि प्रत उन्हानेच गडद होत जाई; चौकटीची अर्धी पाठ उघडून ती किती झाली ते अधूनमधून पाहता येई. नंतर सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवल्यावर तिला जांभळट तपकिरी रंग चढे. हा कागद बनवण्याचे मोठे केंद्र जर्मनीतले ड्रेस्डेन होते. तिथल्या सर्वांत मोठ्या कारखान्याने १८८८ या एका वर्षात १८,६७४ रीम कागद तयार केला. एका रीमला २७ डझन अंडी लागत, म्हणजे वर्षाला ६० लाखांहून अधिक. अंडी फोडून पांढरे वेगळे करणाऱ्या, आंबवलेल्या बलकावर कागद तरंगवून वाळत घालणाऱ्या कामगार मुख्यतः स्त्रिया होत्या. उरलेला पिवळा बलक कातडी कमावणारे विकत घेत. जुन्या प्रतींवरची पिवळी झाक, जिला आपण जुनेपणाचा रंग समजतो, ती पुष्कळशी या बलकाच्या थराचीच आहे.

अशा प्रकारे एका कार्डावर अनेकांचे हात फिरलेले असत आणि मागे नाव एकाचेच छापलेले असे. न्यूयॉर्कचे मॅथ्यू ब्रेडी यांची दृष्टी अधू होत गेली होती, आणि त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली बरीच छायाचित्रे त्यांच्या पदरी असलेल्या छायाचित्रकारांनी घेतलेली आहेत. १८६२ च्या ऑक्टोबरात अमेरिकन यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या रणांगणावरच्या मृतांची चित्रे ब्रेडी यांच्या दालनात लोकांनी पाहिली, ती अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन यांनी घेतली होती. गार्डनर पुढे स्वतंत्र झाले आणि १८६६ मध्ये त्यांनी युद्धचित्रांचा जो संग्रह काढला त्यात प्रत्येक चित्राखाली निगेटिव्ह कोणाची आणि प्रत कोणाची हे वेगवेगळे छापले. त्या शतकातल्या छायाचित्रणातली ही मला सर्वांत सभ्य वाटणारी कृती आहे.

स्टुडिओबाहेर जायचे तर अंधारखोली बरोबर न्यावी लागे. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेले ते एका दारूविक्रेत्याची जुनी घोडागाडी अंधारखोलीत बदलून. बंद गाडीत इतका उकाडा होई की कोलोडियन काचेच्या कडेपर्यंत पोचायच्या आत वाळू लागे. तरी ते साडेतीनशेहून अधिक निगेटिव्ह घेऊन परतले. सॅम्युअल बोर्न यांनी १८६६ मध्ये हिमालयातल्या १८,००० फुटांहून उंच मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. तंबू, काचा आणि रसायनांच्या बाटल्या वाहणाऱ्या हमालांची नावे त्या चित्रांवर नाहीत. कधी स्टुडिओलाच माणसांकडे जावे लागे, आणि कधी त्याची रचनाच बदलावी लागे. हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी तिथे स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला, कारण त्याशिवाय त्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर येऊच शकल्या नसत्या.

ओल्या प्लेटेचे राज्य संपवले ते तिच्या वाफांना कंटाळलेल्या एका डॉक्टराने. ईथरने प्रकृती बिघडत चाललेल्या रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये कोलोडियनऐवजी जिलेटिन सुचवले. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी ते मिश्रण ऊब देऊन मुरवण्याची युक्ती सांगितली आणि प्लेटांचा वेग कित्येक पटींनी वाढला. काचा आता कारखान्यात तयार होऊन, वाळलेल्या, पेटीबंद येऊ लागल्या. १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यात तर २५ डॉलरांत १०० चित्रांपुरती फिल्म भरलेलीच मिळे. छायाचित्रकाराचे काळे हात स्वच्छ झाले आणि बसणाऱ्याला हसायची मोकळीक मिळाली. हे सारे चांगलेच झाले, त्याबद्दल मला हळहळ नाही. पण दोघांनी मिळून सेकंद मोजण्याची गरज तिथे संपली, आणि त्यानंतरच्या चित्रांत माणसे आपल्याकडे तशी पाहत नाहीत.

इंग्लंडमधल्या छायाचित्रकार जुलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, पहिला कॅमेरा भेट मिळाला. कोंबड्यांच्या खुराड्याला काचा लावून त्यांनी स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठारात अंधारखोली. त्यांच्या प्लेटांवर ओघळ आहेत, धुळीचे कण आहेत, बोटांच्या खुणा आहेत. समकालीन छायाचित्रकारांनी याला गचाळपणा म्हटले. कॅमेरॉन यांनी त्या खुणा राहू दिल्या, आणि त्यांचेच खरे होते असे मला वाटते. इतरांच्या काचांवरही त्या होत्याच. कोलोडियन ओतताना काच ज्या कोपऱ्यात धरत तिथे थर नीट बसत नसे, अंगठ्याचा ठसा राही. निथळण्याच्या कोपऱ्याकडे थर जाड होई. होल्डरच्या खालच्या कडेला साचलेल्या सिल्व्हर नायट्रेटचे डाग वर चढत. स्टुडिओवाले कार्डासाठी प्रत कापताना ही कड काढून टाकत, आणि गिऱ्हाइकाला नीटनेटका माल देण्यासाठी ते योग्यच होते. आजच्या संपादकांना तशी काही अडचण नाही. तरी निगेटिव्हवरून नव्या प्रती छापताना तोच भाग पुन्हा कापला जातो, आणि टाचांमागचे लोखंडी पाय तर आता संगणकावर पुसूनही टाकतात. संग्रहालयांनी मोठ्या आकारात उपलब्ध करून दिलेल्या अशा निगेटिव्हच्या प्रती पाहताना मी आधी कोपरे पाहतो. बसलेला माणूस मध्यभागी असतो. त्याच्यासाठी श्वास रोखून सेकंद मोजणारा दुसरा माणूस, ज्याचे नाव बहुधा कार्डावरही नव्हते, तिथे कडेला असतो. काच चारही बाजूंनी पूर्ण छापायला पानावर फार तर अर्धा इंच जास्त जागा लागते, आणि ती द्यावी असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.